मोड आलेल्या नाचणीचं पीठ, मेतकूट, जवसाची चटणी: दूध न चालणाऱ्या मुलासाठी दीड वर्ष वापरून

आधीच सांगते, हे मोठं होणार आहे. ज्यांच्या घरात दूध न चालणारं लहान मूल आहे किंवा ज्यांनी स्वतःहून मुलांना दूध द्यायचं नाही असं ठरवलंय त्यांनी वेळ काढून वाचा प्लीज, कारण मला दोन वर्षांपूर्वी असं कुणी लिहिलेलं मिळालं असतं तर खूप रडणं वाचलं असतं.

रिव्ह्यू आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाच्या मालाचा. मी त्यांच्याकडून नाचणीचं पीठ, नाचणी सत्त्व, मेतकूट, थालीपीठ भाजणी, जवसाची चटणी आणि तीळ-खोबऱ्याचे लाडू असं सगळं घेतलंय, दर दीड-दोन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देते, पार्सल पुण्याला एसटीने किंवा कुरियरने येतं. गटाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली एक तक्रार आहे आणि ती साधी नाही, पण त्यांनी चूक मान्य करून सुधारली, त्यामुळे त्या बायकांच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही. आणि खरं सांगू का, खाली जे लिहितेय ते तुम्ही नाचणीचं काहीही कुठूनही घेतलंत तरी लागू पडेल.

आमची परिस्थिती आधी. मोठी मुलगी सात वर्षांची, तिला सगळं चालतं. धाकटा आता तीन वर्षांचा झाला. तो सात महिन्यांचा असताना सासूबाईंनी कौतुकाने दह्याचं बोट चाटवलं आणि वीस मिनिटांत तोंडाभोवती, मानेवर गांध्या उठल्या, मग उलटी. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे. त्यानंतर घरीदारी प्रत्येकाने सल्ले दिले, म्हशीचं देऊन बघ, शेळीचं पचायला हलकं असतं, गाढविणीचं सुद्धा सुचवून झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रोटीन्स गाईच्या दुधासारखीच असतात, ज्याला गाईचं चालत नाही त्यातल्या बहुतेकांना तीही चालत नाहीत, प्रयोग करू नका. साजूक तूप पण बंद, कारण त्यात दुधाचा अंश राहू शकतो. आणि आम्ही घरात अंडं-मासे-मटण काहीच खात नाही. म्हणजे बघा, ठरवून नाही पण माझं पोरगं शंभर टक्के वनस्पतींवर वाढणारं पोरगं झालं.

तेव्हा मला एवढंच माहीत होतं की दूध नाही तर नाचणी. आमच्या कोल्हापूरकडे नाचणा म्हणतात, आजी उन्हाळ्यात आंबील करायची ताक घालून, आणि सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं की नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम. २०२३ हे मिलेट वर्ष (भरडधान्यांचं जागतिक वर्ष) होतं तेव्हा तर हे वाक्य प्रत्येक पाकिटावर छापून यायला लागलं. मी त्या वाक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

तर दीड वर्षापूर्वी भीमथडी जत्रेत फिरताना या गटाचा स्टॉल दिसला. दोन प्रकारची पाकिटं होती, एकावर नाचणी सत्त्व आणि दुसऱ्यावर मोड आलेल्या नाचणीचं पीठ. मी अर्थातच सत्त्व उचललं, कारण सत्त्व म्हणजे सगळं चांगलं त्यातच असणार असं नावावरून वाटतं ना, आणि महाग पण तेच होतं, अर्ध्या किलोला २८० रुपये, पीठ १६० ला. स्टॉलवरच्या काकूंनी विचारलं, बाळ केवढं आहे? मी म्हटलं, होईल आता दीड वर्षाचा. तर म्हणाल्या, मग सत्त्व कशाला नेताय ताई, त्याला दात आलेत की, पीठच न्या. मला वाटलं ह्यांना स्वतःचा महाग माल विकायचा नाहीये की काय, मग त्यांनी बाजूला घेऊन नीट समजावलं आणि त्या पाच मिनिटांत जे कळलं ते मला पुढे डाएटिशियन मॅडमनी पण तसंच सांगितलं.

सत्त्व कसं करतात तर नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग पाणी घालून ओलीच वाटायची आणि ते वाटण मलमलच्या फडक्यातून गाळायचं. गाळलेलं पाणी रात्रभर ठेवलं की खाली साका बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तो साका वाळवून वड्या नाहीतर पूड करायची. फडक्यात जो चोथा राहतो तो म्हणजे नाचणीचं साल, आणि नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम त्या सालातच असतं! खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. तो वाईट नाही, सहा-सात महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा पेज सुरू करताना मऊ, गुळगुळीत, पचायला हलकं हवं असतं तेव्हा सत्त्वच बरं. पण दूध पित नाही म्हणून कॅल्शियमसाठी नाचणी देताय आणि गाळलेलं सत्त्व देताय तर ज्याच्यासाठी देताय तेच फडक्यात राहून गेलंय.

पिठाचं तसं नाही. मोड आणून सावलीत वाळवायची, मंद भाजायची आणि चक्कीवर आख्खी दळायची, काही गाळून टाकायचं नाही. मोड आणण्याचा उपयोग खरंच आहे, नुसती फॅशन नाही, धान्यात फायटेट नावाचा घटक असतो जो लोह आणि झिंक धरून ठेवतो, मोड आल्यावर तो कमी होतो आणि अंगाला लोह-झिंक जास्त लागतं. ओळखायचं कसं तर पीठ तपकिरी-लालसर असतं, शिजवल्यावर बारीक ठिपके दिसतात आणि जिभेला थोडं भरड लागतं. गाळलेलं सत्त्व फिकट, किंचित गुलाबीसर पांढरं असतं आणि शिजलं की चकचकीत होतं. आता काही लोक मोड आणून दळलेल्या पिठालाच सत्त्व म्हणून विकतात, त्यामुळे नावावर जाऊच नका, सरळ विचारा की गाळलंय का नाही. आधीच्या वर्षी मी एका मोठ्या दुकानातून सहा महिने सत्त्व आणत होते, पांढरं शुभ्र, आणि मनातल्या मनात खूश होत होते की बाळाला कॅल्शियम मिळतंय. आठवलं की अजून जीव तुटतो.

आता पिठाबद्दल. वास ताजा, भाजका. पाकिटावर दळल्याची तारीख हाताने लिहिलेली असते, हे मला फार आवडलं. दळण बारीक आहे पण बाजारातल्यासारखं टाल्कम पावडर नाही. खडा कधी लागला नाही, दीड वर्षात एकदाही नाही, आणि नाचणी निवडायला किती किचकट असते हे जिने घरी निवडलीय तिलाच कळेल. गाठी होत नाहीत फक्त पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलंत की संपलं. मी दोन मोठे चमचे पीठ, वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, मंद गॅसवर सात-आठ मिनिटं ढवळत शिजवते, खाली उतरवून गूळ आणि एक चमचा भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट, वर अर्धा चमचा लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. तेल बघून माझ्या बहिणीने नाक मुरडलं होतं, पण लहान मुलांचं पोट केवढंसं, आणि नाचणी, डाळी, भाज्या ह्याने ते पटकन भरतं पण त्यातून ताकद पुरेशी जात नाही. दुधातून, तुपातून मिळणारी स्निग्धता ज्याला नाही त्याला ती तेलातून, दाण्यातून, तिळातून मुद्दाम द्यावी लागते. हे मला डाएटिशियन मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, तोवर मी त्याला हेल्दी म्हणून बिनतेलाच्या भाज्या आणि फळंच फळं देत होते आणि तीन महिने त्याचं वजन हललं नव्हतं. एक मात्र, दाणे नेहमी कुटूनच, आख्खा दाणा पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हातात देऊ नका, घशात अडकतो.

आता तिप्पट कॅल्शियमचा हिशोब, कारण मला हा कुणी करून दाखवला नव्हता. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रामच्या आसपास कॅल्शियम असतं आणि १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२०, म्हणून तिप्पट, वाक्य खोटं नाही. पण कुठलं दोन-तीन वर्षांचं मूल एका बैठकीत १०० ग्रॅम पीठ खातं? दोन चमचे म्हणजे जेमतेम २० ग्रॅम, त्याचे झाले ७० मिलीग्राम. एक कप दूध २०० मिली धरलं तर त्यात २४० च्या घरात. म्हणजे नाचणीची वाटीभर पेज म्हणजे साधारण पाव कप दूध. आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन करणारी सरकारी संस्था) तक्त्यात एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलीग्राम आणि चार ते सहाच्या मुलाला ५५० सांगितलंय. नुसत्या नाचणीवर हे गाठायचं तर त्याला दिवसभर आंबीलच पाजत बसावं लागेल. आणि प्रोटीन तर नाचणीत शंभर ग्रॅमला सातच्या आसपास, दोन चमच्यात दीड ग्रॅम सुद्धा नाही. हे कळल्यावर मला त्या पिठाचा राग नाही आला, उलट त्याच्यावरचं ओझं उतरलं असं वाटलं. नाचणी ही चांगली भाकरी आहे, चांगली पेज आहे, पण ती एकटी दुधाची जागा घेऊ शकत नाही.

मग आमच्याकडे दुधाची जागा कोण घेतं? सोया दूध, डॉक्टरांनी आधी थोडं देऊन बघून मग चालू केलेलं (काही मुलांना सोया पण चालत नाही, म्हणून विचारूनच). बिनसाखरेचं आणि कॅल्शियम घातलेलं, पाकिटाच्या मागे १०० मिलीला १०० ते १२० मिलीग्राम कॅल्शियम लिहिलंय का बघायचं, आणि पाकीट जोरात हलवून ओतायचं कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. एका कपात सहा-सात ग्रॅम प्रोटीन मिळतं. बदामाचं दूध मी हौसेने दोन महिने आणलं होतं, महागडं, कपात एखादा ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणीच. नारळाचा रस सासूबाईंचा लाडका, तो सोलकढीत आणि भाजीत छान, चरबी देतो म्हणून मी घालतेच, पण पेलाभर पाजून दूध पाजल्याचं समाधान मानू नये. आणि हे सगळं एक वर्षानंतरचं आहे हां, वर्षाच्या आत आईचं दूध किंवा डॉक्टरांनी दिलेला अ‍ॅलर्जीवाला फॉर्म्युला, दुसरं काही पेल्यात ओतायचं नाही.

माल परत. मेतकूट, ह्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, हळद, हिंग, जिरं, मेथी, सुंठ, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं, आणि तिखट अजिबात नाही. धाकट्याला आजारपणातून उठला की तीन-तीन दिवस दुसरं काही नको असतं, मऊ भात, मेतकूट, मीठ आणि तुपाच्या जागी खोबरेल. चिपळूणकडच्या सासूबाईंना खोबरेल तेल घातलेला मऊ भात काही नवा नव्हता, मला होता, आता मलाच आवडतो. भात आणि डाळ एकत्र आले की प्रोटीन पुरं होतं, हे आपल्या आज्यांना कुठल्या तक्त्याशिवाय ठाऊक होतं, वरण-भात काय, खिचडी काय, पिठलं-भाकरी काय. पण प्रमाण बघा, मेतकूट चमचाभरच पडतं, त्यामुळे त्याला डाळ खाल्ली असं धरू नका, दिवसातून दोनदा घट्ट वरण किंवा उसळ वेगळी लागतेच. मॅडमनी मला साधं सांगितलं होतं, वरणाचं पाणी नको, वरण हवं.

थालीपीठ भाजणीत हे लोक ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद याबरोबर सोयाबीन पण भाजून घालतात. सोयाबीन कच्चं खायचं नसतं, नीट भाजून किंवा शिजवूनच, आणि ह्यांची भाजणी खमंग भाजलेली असते, कच्चट वास येत नाही. मोठीच्या डब्यात आठवड्यातून दोनदा भाजणीचं थालीपीठ जातं, दुधी नाहीतर मेथी घालून. धाकट्याला मी त्याचेच छोटे-छोटे करते, त्याच्या तळहाताएवढे, आणि शेजारी लिंबाची फोड पिळते. लिंबू, पेरू, आवळा असं व्हिटॅमिन सी असलेलं काहीतरी बरोबर असलं की धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगाला जास्त लागतं, चहा असेल तर उलट होतं. आमच्याकडे पाहुणे आले की बाळाला बशीत घोटभर चहा देण्याची पद्धत होती, ती मी भांडून बंद केली. त्या भाजणीचं मीठ मात्र थोडं जास्त आहे. मी दोनदा सांगितलं, पुढच्या वेळी कमी केलं, मग परत जास्त. ह्यांनी मीठ घालूच नये, ज्याने त्याने घालावं.

जवसाची चटणी मोठ्यांसाठी उत्तम, मुलांसाठी फार तिखट. मी फोनवर विचारलं की बिनतिखटाची करून द्याल का तर लगेच हो म्हणाल्या, पाव किलोच्या वर घेतली तर करतात. जवस, तीळ, थोडं सुकं खोबरं, जिरं, मीठ, बस. भाजीत, भातावर, भाकरीला तेलाबरोबर कशातही जाते. मासे न खाणाऱ्या घरात मुलांच्या पोटात ओमेगा-३ जायचं तर जवस आणि अक्रोड हेच आपले दोन मुख्य मार्ग, पण जवस आख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, दळलेलंच हवं. दळलेलं लवकर खवट होतं म्हणून फ्रिजमध्ये ठेवा, मी एकदा ओट्यावरच ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात टाकावी लागली, तो माझा दोष.

तीळ-खोबऱ्याचे लाडू चांगले आहेत पण गुळाचं प्रमाण भरपूर, रोजचा खाऊ नाही. तिळात कॅल्शियम नाचणीपेक्षा कितीतरी जास्त, १०० ग्रॅमला हजाराच्या वर, फक्त ते सगळंच काही अंगाला लागत नाही, त्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो जो कॅल्शियम धरून ठेवतो. मी भाजलेले तीळ कुटून डब्यात ठेवते आणि कोशिंबिरीत, पोळीच्या पिठात, वरणात चमचाभर टाकते, लाडवापेक्षा हे बरं पडतं.

पावसाळ्याची एक गोष्ट. मागच्या ऑगस्टमध्ये आलेल्या पिठाला ओलसर, कोंदट वास होता. कोकणात त्या दिवसांत हवा कोरडी नसते, मोड आलेली नाचणी वाळायची कशी? फोटो पाठवला तर त्यांनी काही न विचारता पैसे परत केले आणि म्हणाल्या की आता जून ते सप्टेंबर आम्ही मोडाचं पीठ करणारच नाही, तुम्ही मे महिन्यातच जास्तीचं नेऊन फ्रिजरमध्ये ठेवा. या वर्षी तसंच केलंय, तीन किलो आणून ठेवलंय.

आता ती तक्रार. मार्चमध्ये त्यांनी नवीन प्रकार काढला, चॉकलेट नाचणी. पाकिटावर लिहिलेलं नाचणी, गूळ पावडर, कोको, बदाम, वेलची. मोठीच्या वर्गात सगळ्यांच्या घरी दुधात घालायच्या चॉकलेट पावडरचे डबे असतात म्हणून मी खूश झाले, घरचं, स्वच्छ, आणि दोघांना एकच देता येईल. (ते डबे नेमके काय आहेत हे आता सरकारने पण सांगितलंय, २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या साइट्सना सूचना गेली की असली पेयं हेल्थ ड्रिंक या नावाखाली विकू नका.) धाकट्याने चार चमचे खाल्ले असतील आणि तोंडाभोवती गांध्या. मला कळेना कशाने, बदाम तर तो आधीपासून खातो. डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेलं औषध लगेच दिलं, रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, चार तास तिथे बसवून ठेवलं, देवाच्या दयेने श्वासाला काही झालं नाही. रात्री काकूंना फोन केला, माझा आवाज चढला होता, मी नाकारत नाही. त्या म्हणाल्या, अहो ताई, त्यात थोडी दूध पावडर आहे, चव यावी म्हणून, सगळ्या मुलांना दूध चालतंच की, म्हणून लिहिली नाही.

मी फोन ठेवला आणि तासभर रडले. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लेबलवर दूध, दाणे, सोया, गहू, तीळ जे जे असेल ते लिहायलाच हवं, दूध आणि सोयासारखे अ‍ॅलर्जीचे पदार्थ लेबलवर वेगळे दाखवायचे असा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमच आहे आणि त्यांच्या पाकिटावर लायसन्सचा नंबर छापलेला होता. दुसऱ्या दिवशी मी शांतपणे परत फोन केला, सगळं समजावलं, फोटो पाठवले त्याच्या चेहऱ्याचे. काकू फोनवर रडल्या. त्यांनी त्या लॉटची पाकिटं ज्यांना गेली होती त्या प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅप केला, दूध पावडर काढून टाकली, आणि आता प्रत्येक पाकिटावर लाल अक्षरात असतं की यात काय काय आहे आणि त्याच चक्कीवर दुसरं काय दळलं जातं. मेतकूट आणि भाजणीवर पण. चॉकलेट प्रकार मी मात्र परत घेतला नाही, मनच होत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या मुलाला अ‍ॅलर्जी असेल तर कुठल्याही घरगुती मालाच्या बाबतीत, कितीही विश्वासाचा असो, ऑर्डरच्या आधी फोन करा आणि थेट विचारा की ह्यात दूध पावडर, तूप, व्हे (दुधातलंच प्रोटीन) असलं काही आहे का. शुद्ध शाकाहारीचा हिरवा ठिपका असला तरी दूध असू शकतं, तो ठिपका आपल्या कामाचा नाही.

आणि एक गोष्ट जी ह्या गटाच्या किंवा कुठल्याच गटाच्या पाकिटात मिळणार नाही, बी-१२. दूध नाही, अंडं नाही, मांस-मासे नाहीत तर बी-१२ अन्नातून येतच नाही, नाचणीतून नाही, मोडातून नाही, आंबवलेल्या इडली-डोशातून पण भरवशाचं नाही. मला एका ग्रुपवर सांगितलं गेलं होतं की घरची भाजी नीट न धुता खाल्ली की मिळतं, कृपा करून असलं काही करू नका. लहान मुलात बी-१२ कमी पडलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो सुरुवातीला दिसत नाही. आमच्याकडे डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स चालू आहेत, व्हिटॅमिन डी पण, आणि दर वर्षी रक्त तपासून घेतो, हिमोग्लोबिनसकट. आई स्वतः दूध-दुभतं खात नसेल आणि बाळ अंगावर पीत असेल तर आईने पण बी-१२ घ्यायलाच हवं. मी त्याच्यासाठी दूध सोडलं होतं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नाही, माझंच कमी निघालं नंतर.

सध्याचा त्याचा दिवस म्हणाल तर सकाळी नाचणीची पेज कूट घालून, मग अर्धा कप सोया दूध, दुपारी पोळी किंवा भाकरी, घट्ट वरण, भाजी, लिंबू, चारला फळ आणि भाजणीचं छोटं थालीपीठ नाहीतर शेंगदाण्याची चिक्की बारीक करून, संध्याकाळी परत अर्धा कप, रात्री मुगाची खिचडी किंवा मटकीची मऊ उसळ-भात, कधी टोफूची (सोया दुधाचं पनीर) भुर्जी. रोज सगळं खातो असं नाही, काही दिवस नुसत्या केळ्यावर काढतो, कोण नाही काढत. दीड वर्षापूर्वी वजन वाढीच्या तक्त्यावर खालच्या रेषेला टेकलं होतं, आता दोन रेषा वर आलंय, ही कमाई एकट्या पिठाची नाही, तेल-दाणे-सोया-डाळ-ड्रॉप्स सगळ्यांची आहे. डॉक्टर म्हणतात बरीच मुलं तीन ते पाच वर्षांत ह्या अ‍ॅलर्जीतून बाहेर पडतात, दिवाळीनंतर हॉस्पिटलमध्येच त्यांच्या देखरेखीखाली थोडं दूध देऊन बघायचंय.

स्टार द्यायचे तर मोडाच्या पिठाला पाचातले साडेचार, पावसाळ्याचा अर्धा कापला. मेतकूट पाच. बिनतिखटाची जवस चटणी साडेचार. भाजणी चार, मिठामुळे. लाडू तीन. सत्त्व फक्त लहान बाळासाठी, तेव्हा चार. चॉकलेट नाचणीला मी मार्क देऊ शकत नाही. पार्सलला पाच ते सहा दिवस लागतात, गणपतीत जास्त, तेव्हा त्या बायका घरच्या गणपतीत असतात, आधी मागवून ठेवा. एक किलोच्या खाली ऑर्डर घेत नाहीत, पण मिक्स करून एक किलो चालतं. गेल्या आठवड्यात ऑर्डर दिली तर काकूंनी विचारलं, बाळ कसा आहे, परत काही उठलं नाही ना, आणि पार्सलमध्ये बिनमिठाची भाजणी पाव किलो जास्तीची आली, वर चिठ्ठी, मीठ तुम्ही घाला.